तान्हं बाळ, निखाऱ्यांचं भांडं आणि पळालेला राजा

थंडीच्या दिवसांत अंथरूण ऊबदार करायला जुन्या इंग्लंडमध्ये एक भांडं असे. पितळेचं किंवा तांब्याचं, गोल, वर झाकण आणि धरायला लांबलचक दांडा. आत निखारे भरायचे आणि पांघरुणाखालून फिरवायचं. आपल्याकडच्या कोळशाच्या इस्त्रीचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. १६८८ च्या जूनमध्ये लंडनच्या कितीतरी लोकांची खात्री पटली होती की अशाच एका भांड्यात लपवून कुणाचं तरी बाळ राणीच्या बिछान्यात नेलं गेलं, आणि तेच आता राजपुत्र म्हणून देशाच्या माथी मारलं जातंय. ऐन जूनमध्ये अंथरूण कशाला गरम करायचं, हा साधा प्रश्न अफवेला अडवू शकला नाही.

बाळंतपणाच्या वेळी खोली माणसांनी भरलेली होती. राजघराण्यात तशी पद्धतच होती, वारसाबद्दल पुढे शंका नको म्हणून. तरी त्या वर्षी ऑक्टोबरात राजा दुसरा जेम्स याला आपलं मूल आपलंच आहे हे दाखवण्यासाठी चाळीसहून जास्त जणांच्या साक्षी दरबारात नोंदवून घ्याव्या लागल्या. सुईण, दासी, सरदारणी, सगळे येऊन बोलले. लोकांनी भांड्यावरच विश्वास ठेवला. दोन महिन्यांनी राजा फ्रान्सला पळालेला होता.

या सगळ्याला इंग्लंडमध्ये ‘वैभवशाली क्रांती’ म्हणतात, आणि शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकलेली असते: जुलमी राजा गेला, पार्लमेंट जिंकली, रक्त सांडलं नाही. यातली पार्लमेंट जिंकली हे खरं. रक्त सांडलं नाही हे फक्त इंग्लंडपुरतं, तेही बऱ्यापैकीच खरं. आणि जुलमी राजा? इथे जरा थांबायला हवं. कारण ज्या हुकुमावरून या राजाची गादी गेली तो हुकूम आज वाचला तर आपण म्हणू, यात वाईट काय आहे? त्यात लिहिलं होतं की ज्याला जो पंथ पाळायचा तो त्याने पाळावा.

आधी माणसं नीट लावून घेऊ. इंग्लंडमध्ये तेव्हा ख्रिश्चनांचे ढोबळ मानाने तीन गट होते. पहिला अँग्लिकन, म्हणजे सरकारी चर्च. त्याचा प्रमुख राजा, पोप नाही. दुसरा सरकारी चर्च न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचा: प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, क्वेकर वगैरे. यांच्या सभांवर धाडी पडत, दंड होत, तुरुंगवास होई. तिसरा गट कॅथलिकांचा. हे शंभरात एक-दोन, पण भीती सगळ्यात जास्त त्यांचीच.

ही भीती पिढीजात होती. सव्वाशे वर्षांपूर्वी कॅथलिक राणी मेरीने पावणेतीनशेच्या वर प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं होतं. १६०५ साली काही कॅथलिकांनी पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळा भरला होता. १६६६ साली लंडन जळालं, तेव्हा आग एका भटारखान्यातून लागली हे माहीत असूनही बोट कॅथलिकांकडेच गेलं. त्या आगीचा स्मारकस्तंभ आजही लंडनमध्ये उभा आहे. १६८१ साली त्याच्यावर आगीचं खापर कॅथलिकांवर फोडणारी ओळ कोरली गेली. जेम्स राजा झाल्यावर ती छिन्नीने खरवडली गेली, जेम्स पळाल्यावर पुन्हा कोरली, आणि १८३० साली कायमची काढली. तीन राजवटींचं राजकारण एका दगडावर.

जेम्सच्या आधी त्याचा थोरला भाऊ दुसरा चार्ल्स गादीवर होता. याची आपल्याला एक ओळख आहेच: पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरवताना मुंबई बेट आंदण मिळालं तो हाच, आणि १६६८ साली ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देणाराही हाच. चार्ल्स हुशार, आळशी आणि धर्माच्या बाबतीत कुणाला थांग लागू न देणारा होता. मरताना मात्र त्याने गुपचूप एका कॅथलिक पाद्र्याला बोलावून घेतलं. त्याला औरस मूल नव्हतं, म्हणून वारस धाकटा भाऊ जेम्स. आणि जेम्स उघड कॅथलिक झालेला. १६७३ साली पार्लमेंटने कायदा केला की सरकारी पद हवं तर अँग्लिकन पद्धतीने प्रसाद घ्यायचा आणि कॅथलिक मताविरुद्ध प्रतिज्ञा करायची. जेम्सने आरमारप्रमुखाचं पद सोडलं, पण प्रसाद घेतला नाही. हट्टी होता, पण खोटं वागणारा नव्हता. माझ्या मते पुढचा सगळा घोळ या दोन गुणांतून झाला.

१६७८ साली टायटस ओट्स नावाच्या एका भामट्याने आवई उठवली की कॅथलिक लोक राजाचा खून करणार आहेत. कट असा नव्हताच, पण साप म्हणून भुई धोपटताना कितीतरी निरपराध फासावर गेले. त्याच गदारोळात जेम्सला वारसाहक्कातून वगळा म्हणणारा पक्ष तयार झाला आणि वगळू नका म्हणणाराही. एकमेकांना त्यांनी शिव्या दिल्या त्या नावांनीच ते पुढे ओळखले गेले. ‘व्हिग’ म्हणजे स्कॉटलंडचे बंडखोर कट्टर प्रोटेस्टंट, ‘टोरी’ म्हणजे आयर्लंडचे दरोडेखोर. टोरी हे नाव ब्रिटनमध्ये अजून चालतं आणि ज्यांना म्हणतात त्यांना त्याचं काही वाटत नाही.

टोऱ्यांच्या जोरावर जेम्स १६८५ साली गादीवर आला. त्याच वर्षी चार्ल्सच्या अनौरस मुलाने, मनमथच्या ड्यूकने, बंड केलं. ते महिनाभरात चिरडलं गेलं आणि न्यायाधीश जेफ्रीजने पकडलेल्यांना फाशी देण्याचा सपाटा लावला. या बंडाने जेम्सला दोन गोष्टी दिल्या: खडी फौज वाढवायला निमित्त, आणि देव आपल्या बाजूला आहे ही खात्री. दुसरी जास्त घातक ठरली.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, खाडीपलीकडे, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या राज्यातल्या प्रोटेस्टंटांना मिळालेली जुनी सवलत रद्द केली. त्यांच्या घरांत सैनिक घुसवले होते: धर्म बदला नाहीतर यांना पोसा. हजारो लोक होड्यांतून इंग्लंडला पळून आले. लंडनच्या गल्ल्यांत विणकर, घड्याळवाले, सोनार येऊन राहिले, आणि कॅथलिक राजाच्या हाती फौज आली की काय होतं हे शेजाऱ्यांना सांगू लागले. आता लंडनच्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शेजारी असं सांगतोय, आणि आपला राजा कॅथलिक, त्याची फौज शहराबाहेर हाउन्स्लोच्या माळावर तळ ठोकून, आणि तिच्यात कायदा मोडून नेमलेले कॅथलिक अधिकारी.

आता मुख्य गाठ. जेम्सला कॅथलिकांवरची बंधनं उठवायची होती. पार्लमेंट ते करेना. मग त्याने म्हटलं, कायदा रद्द करायचा अधिकार पार्लमेंटचा असेल, पण तो लागू करायचा की नाही हे राजा ठरवणार. १६८७ साली त्याने जाहीरनामा काढून धर्माबद्दलच्या सगळ्या दंडाच्या कायद्यांचा अंमल थांबवला. फक्त कॅथलिकांसाठी नव्हे, क्वेकर, बॅप्टिस्ट, सगळ्यांसाठी. तुरुंगांची दारं उघडली. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया वसवणारा क्वेकर पुढारी विल्यम पेन राजाच्या बाजूने प्रचार करत फिरला.

बरं, यात राजाचा डाव किती आणि मनापासून किती, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वाटतं तो मनापासून होता. पण लोकांना आवळा देऊन कोहळा काढायची चाल दिसली, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. आज हा राजा एक कायदा नुसत्या सहीने गुंडाळून ठेवतो, उद्या आमच्या जमिनीचा कायदा गुंडाळला तर? ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात हे घडलंही. राजाने सांगितलेला प्रमुख निवडला नाही म्हणून तिथल्या अध्यापकांना हाकलून दिलं. म्हणजे राजा देत होता ती गोष्ट चांगली, पण ज्या अधिकाराने देत होता तो भयंकर. हे दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि १६८८ कळायला अवघड जातं ते यामुळेच.

१६८८ च्या मे महिन्यात जेम्सने फर्मान काढलं की हा जाहीरनामा प्रत्येक चर्चमध्ये रविवारी वाचून दाखवायचा. कॅंटरबरीचा आर्चबिशप विल्यम सॅनक्रॉफ्ट आणि सहा बिशप यांनी अर्ज लिहिला: कायदे असे थांबवण्याचा अधिकार राजाला नाही असं पार्लमेंटने वारंवार म्हटलं आहे, म्हणून आम्ही वाचणार नाही. भाषा अगदी नम्र, गुडघे टेकून दिलेला अर्ज. राजा वाचून म्हणाला, हा तर बंडाचा झेंडा आहे. सातही जणांवर राजद्रोही लिखाणाचा खटला भरला आणि त्यांना होडीतून टॉवरच्या तुरुंगात नेलं. थेम्सच्या काठाने लोक गुडघ्यांवर बसून आशीर्वाद मागत होते. टॉवरचे पहारेकरीसुद्धा.

ही तारीख ८ जून. दोनच दिवसांनी, १० जूनला, राजपुत्र जन्मला. राजपुत्राच्या जन्माला साक्षीदार म्हणून आर्चबिशपला बोलवायचा रिवाज, आणि आर्चबिशप बापाने डांबलेला! भांड्याची अफवा पसरायला आणखी काय लागतं?

खटला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये दिवसभर चालला. ज्युरीचे बारा जण रात्रभर कोंडून होते. अकरा जण सुटकेच्या बाजूचे, आणि अडून बसला तो राजवाड्याला बिअर पुरवणारा व्यापारी, असं सांगतात. बिचाऱ्याची अडचण खरी होती: निर्दोष म्हटलं तर राजाकडचं गिऱ्हाईक गेलं, दोषी म्हटलं तर बाकी सगळ्या लंडनचं. पहाटे तोही वळला. ३० जूनला सकाळी निकाल आला, निर्दोष. शहरभर घंटा वाजल्या. हाउन्स्लोच्या तळावर राजाला आरोळ्या ऐकू आल्या. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही, बिशप सुटले म्हणून शिपाई ओरडतायत. राजा म्हणाला, याला तुम्ही काही नाही म्हणता?

त्याच रात्री सात बड्या माणसांनी हॉलंडला एक पत्र पाठवलं. सह्यांच्या जागी नावं नव्हती, सांकेतिक आकडे होते. ते पोचवायला एक आरमारी अधिकारी साध्या खलाशाच्या वेषात निघाला. पत्र होतं ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याला. हा जेम्सच्या बहिणीचा मुलगा आणि जेम्सच्या थोरल्या मुलीचा, मेरीचा, नवरा. मामाची मुलगी केलेली, म्हणजे मामा तोच सासरा. आपल्याला हे नातं समजायला वेळ लागत नाही. पुढे काय झालं त्यालाही आपल्याकडे नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. बाळ जन्मेपर्यंत गादी मेरीकडेच येणार होती, आणि मेरी पक्की प्रोटेस्टंट. नाहीतरी जेम्स पन्नाशी उलटलेला, थोडी वर्षं कळ काढू असं लोक म्हणत होते. बाळाने ते गणित मोडलं. आता कॅथलिक राजामागे कॅथलिक राजा.

विल्यम इंग्रजांच्या प्रेमाखातर आला नाही. त्याचा सगळा जन्म चौदाव्या लुईशी लढण्यात चालला होता आणि त्याला इंग्लंडचा पैसा आणि आरमार हवं होतं. गंमत म्हणजे खुद्द पोपही लुईवर इतका चिडलेला होता की जेम्सच्या मदतीला त्याने बोटही उचललं नाही. धर्मयुद्ध वाटतं ते इतकं सरळ नव्हतं.

चारशेहून जास्त जहाजं घेऊन विल्यम निघाला तो युरोपच्या पंचांगाप्रमाणे ११ नोव्हेंबरला, आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर उतरला ५ नोव्हेंबरला. छापण्याची चूक नाही. इंग्लंड तेव्हा जुनं पंचांग पाळत असे आणि दहा दिवस मागे होतं. ज्या पूर्वेच्या वाऱ्याने त्याची जहाजं पुढे नेली त्यानेच जेम्सचं आरमार थेम्सच्या तोंडाशी अडकवून ठेवलं. लोकांनी त्याला ‘प्रोटेस्टंट वारा’ नाव दिलं.

जेम्सकडे फौज जास्त होती. तो सॉल्सबरीपर्यंत गेला आणि तिथे त्याच्या नाकातून रक्त वाहायला लागलं, थांबेना. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात तसं झालं. त्याचा सेनानी जॉन चर्चिल एका रात्री विल्यमकडे निघून गेला. दोन दिवसांत धाकटी मुलगी ॲन मागच्या जिन्याने राजवाड्यातून पसार झाली. जेम्स लंडनला परतला. राणी धोबिणीच्या वेषात निघाली आणि राजपुत्राला धुण्याच्या गाठोड्यासारखं काखोटीला मारलं होतं, असं सांगतात. भांड्यातून आला असो की नसो, गेला तो गाठोड्यातून.

११ डिसेंबरच्या पहाटे राजाही पळाला. जाताना राज्याची मोठी मोहोर त्याने थेम्समध्ये टाकली, मोहोरेशिवाय पार्लमेंट बोलवता येणार नाही या हिशेबाने. केंटच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी त्याची होडी अडवली. पळणारे कॅथलिक पाद्री पकडायचे हा तेव्हा तिकडचा उद्योगच झाला होता. त्यांनी राजाला ओळखलं नाही. उभट चेहऱ्याचा म्हातारा पाद्री समजून शिव्या दिल्या, पैशांसाठी अंगावरचे कपडे चाचपले, पार विजारीपर्यंत. ओळख पटल्यावर त्याला परत लंडनला आणलं.

विल्यमला हे मुळीच नको होतं. कैदेतल्या राजाचं करायचं काय? जेम्सच्या बापाचं, पहिल्या चार्ल्सचं, डोकं १६४९ साली उडवलं होतं आणि त्याची आठवण कुणालाच सुखाची नव्हती. म्हणून जेम्सला नदीकाठच्या रॉचेस्टरला ठेवलं आणि घराच्या मागच्या बाजूला पहारा ठेवला नाही. २३ डिसेंबरला तो पुन्हा पळाला. सुंठीवाचून खोकला गेला.

मग जानेवारीत पार्लमेंटपुढे खरी पंचाईत उभी राहिली: राजा गेला याला म्हणायचं काय? काढून टाकला म्हणावं तर आपणच बंडखोर. खालच्या सभागृहाने ठरवलं, राजाने ‘गादीचा त्याग केला’ आणि गादी रिकामी आहे. वरचं सभागृह म्हणालं, त्याग कुठे केला, ‘सोडून गेला’ म्हणा. आणि रिकामी कशी? राजा गेला की वारस त्याच क्षणी राजा होतो. या एका शब्दावर आठवडाभर वाद चालला. विल्यमने कंटाळून सांगितलं, बायकोच्या मागे उभा राहणारा हुजऱ्या मी होणार नाही, नाहीतर चाललो मी घरी. तो गेला तर काय, या विचाराने ‘त्याग’ मान्य झाला. १३ फेब्रुवारी १६८९ ला विल्यम आणि मेरी दोघांना मिळून मुकुट देऊ केला, कारभार मात्र विल्यमकडे.

मुकुटाबरोबर एक कागद वाचून दाखवला, तोच वर्षअखेरीला ‘बिल ऑफ राइट्स’ म्हणून कायदा झाला. त्यात पहिलंच कलम जेम्सच्या त्या अधिकारावर: पार्लमेंटच्या संमतीशिवाय कायदा स्थगित करणं बेकायदा. कर बसवायचा, शांततेच्या काळात फौज ठेवायची, तर पार्लमेंटला विचारून. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल बाहेर कोर्टात खेचता येणार नाही. हे शेवटचं कलम फिरत फिरत आपल्यापर्यंत आलं: आपल्या संविधानाच्या कलम १०५ मध्ये खासदारांना तेच संरक्षण आहे. आणि कॅथलिक व्यक्ती गादीवर बसू शकणार नाही, हेही त्यातच लिहिलं. ते आजही लागू आहे.

मग धार्मिक मोकळिकीचं काय? मे १६८९ मध्ये तसा कायदा झाला. पण जेम्सने दिलं होतं त्याहून बरंच कमी. सरकारी चर्च न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांना आपल्या प्रार्थनागृहात जमायची परवानगी, तीही दाराला कडी न लावता. सरकारी पदं बंदच. कॅथलिकांना काही नाही. त्यांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ उजाडावं लागलं.

रक्त सांडलं ते बाहेर. जेम्स फ्रेंच मदत घेऊन आयर्लंडमध्ये उतरला, कारण तिथे कॅथलिक बहुसंख्य होते. डेरी शहराला १०५ दिवस वेढा पडला. जुलै १६९० मध्ये बॉइन नदीवर मामा-भाचे समोरासमोर आले आणि मामा पुन्हा पळाला. हरलेल्या आयरिश कॅथलिकांवर जे कायदे लादले त्यांतला एक असा: कॅथलिक माणसाने पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायचा नाही. इंग्लंडच्या स्वातंत्र्याची सनद ज्या राजवटीने दिली, तिचाच हा कायदा.

आणि स्कॉटलंडमध्ये ग्लेन्को. डोंगरी टोळ्यांच्या नायकांनी १ जानेवारी १६९२ पर्यंत विल्यमशी इमानाची शपथ घ्यायची होती. ग्लेन्कोचा मॅक्डोनाल्ड नायक ३१ डिसेंबरला किल्ल्यावर पोचला. तिथला अधिकारी म्हणाला, मला अधिकार नाही, इन्व्हरेरीला जा. भर बर्फातून तो गेला, शपथ झाली ६ जानेवारीला. पाच दिवस उशीर. सरकारला धडा शिकवायला कुणीतरी हवंच होतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅम्पबेलच्या हाताखाली शे-सव्वाशे शिपाई ग्लेन्कोत आले आणि घराघरांत पाहुणे म्हणून राहिले. कॅम्पबेलची पुतणी त्याच नायकाच्या धाकट्या मुलाला दिलेली. बारा दिवस जेवले, पत्ते खेळले. १३ तारखेला पहाटे पाच वाजता त्यांनी यजमानांना मारायला सुरुवात केली. ज्यांच्या घरचं मीठ खाल्लं त्यांतले ३८ जण कापले गेले, बाकी कितीतरी बायकापोरं बर्फात गारठून मेली. त्या हुकुमाच्या कागदावर विल्यमची सही आहे.

मुंबईतल्या इंग्रजांचीही त्या काळात धड गत नव्हती. जेम्सच्या आशीर्वादाने कंपनीने १६८६ साली औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतलं होतं. लंडनमध्ये नवा राजा बसला त्या १६८९ साली जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईत उतरून किल्ल्याला वेढा घालून बसला होता. तो उठवायला कंपनीला बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये मोजावे लागले.

बाळाचं पुढे काय झालं? ते बाळ ७७ वर्षं जगलं. बाप १७०१ साली वारल्यावर लुईने त्याला इंग्लंडचा राजा म्हणून मान दिला, पण इंग्लंडने कधीच दिला नाही. तो रोममध्ये वारला.

आणि ते सात बिशप? जेम्सने ज्यांना टॉवरमध्ये टाकलं, ज्यांच्या सुटकेच्या घंटांनी त्याची गादी हलली, त्यांना नव्या राजाने शपथ घ्यायला सांगितली. सातांपैकी पाच जण म्हणाले, आम्ही एकदा जेम्सला शपथ दिलेली आहे आणि तो जिवंत आहे. सॅनक्रॉफ्टही त्यांतलाच. त्याला आर्चबिशपपदावरून काढलं. तो सफोकमधल्या आपल्या फ्रेसिंगफील्ड गावी परत गेला, १६९३ साली वारला, आणि गावच्या चर्चच्या आवारातच त्याला पुरलं.